चळवळ, पक्ष आणि अपक्ष

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे होते. खासदाराची जागा एक आणि उमेदवार साडेचारशेहून अधिक! त्यांतील बहुतेक सारे अपक्ष होते आणि निवडून येण्याची आशा त्यांपैकी फारच थोड्यांना असेल. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या चळवळीने सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी योजलेला तो मार्ग होता. मोर्चा, हरताळ, निषेधसभा आणि सत्याग्रह ही साधने वापरून झाली होती; आता उमेदवारी अर्ज हेही आंदोलनाचे साधन झाले. मतपत्रिका ही जणू गाऱ्हाण्याची वही ठरली.

ही घटना चमत्कारिक वाटली, तरी ती अचानक घडली नाही. चळवळ, राजकीय पक्ष आणि अपक्ष उमेदवार यांचे परस्परसंबंध मराठी मुलुखात, विशेषतः सीमाभागात, अर्धशतकाहून अधिक काळ घडत व बिघडत आले आहेत. लोकांची एक मागणी असते. ती कोणत्याही एका पक्षाच्या चौकटीत मावत नाही. पक्षांवाचून निवडणूक लढवणेही अवघड असते. अशा वेळी चळवळीने काय करावे, पक्षांना आपल्या छत्राखाली आणावे, स्वतः पक्ष व्हावे की पक्षाचे नाव न घेता अपक्ष उभे करावेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या परिसरात प्रत्यक्ष आजमावली गेली आहेत. त्या अनुभवाचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘अपक्ष’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. घटनेच्या दृष्टीने उमेदवार हा एक नागरिक होता. पक्ष हा व्यवहाराचा भाग होता. पक्षाला घटनेत स्थान मिळाले ते १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टामुळे. प्रारंभीच्या काळात अपक्षांचे बळही लहान नव्हते. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ३७ आणि १९५७ च्या दुसऱ्या लोकसभेत ४२ अपक्ष निवडून आले. या ४२ जणांना एकाकी वीर समजणे मात्र चूक ठरेल. अहमदाबादेतून विजयी झालेले इंदुलाल याज्ञिक हे महागुजरात जनता परिषदेचे, म्हणजे स्वतंत्र गुजरातसाठी उभ्या राहिलेल्या चळवळीचे नेते होते. निकालपत्रकात ज्याच्या नावापुढे पक्ष नाही, त्याच्या पाठीशी अनेकदा एक संपूर्ण लोकचळवळ असते, हे तेव्हापासूनच दिसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा या शहराशी असलेला संबंध वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मे १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात या मागणीचा ठराव झाला आणि त्यातून संयुक्त महाराष्ट्र परिषद जन्माला आली. शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखालील ही परिषद विनंती, चर्चा आणि वाटाघाटी यांवर विश्वास ठेवणारी होती. तिच्यात काँग्रेसजनांचाही मोठा वाटा होता. साहजिकच पक्षश्रेष्ठींचा निर्णय मागणीच्या विरुद्ध गेला तेव्हा परिषदेची कोंडी झाली. पक्षाची शिस्त पाळावी तर मागणी सोडावी लागते आणि मागणी धरावी तर पक्ष सोडावा लागतो, हा पेच अनेक निष्ठावंतांपुढे उभा राहिला. १९५५ च्या अखेरीस राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावातही रक्त सांडले. विनंतीचे युग संपले होते.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कॉम्रेड डांगे अध्यक्ष, डॉ. नरवणे उपाध्यक्ष आणि एस. एम. जोशी सरचिटणीस झाले. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुमहासभा असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका मांडवाखाली आले. त्यांच्याबरोबर सेनापती बापट, प्रबोधनकार ठाकरे, आचार्य अत्रे यांच्यासारखी माणसे होती. त्यांचे वजन कोणत्याही पक्षाच्या सदस्यसंख्येत मोजता येणारे नव्हते. नोव्हेंबर १९५६ मध्ये निघालेले अत्र्यांचे ‘मराठा’ दैनिक आणि अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने चळवळीचा आवाज गावोगाव नेला.

समितीने निवडणुकीसाठी जी रचना केली, ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. समिती हा पक्ष नव्हता. घटक पक्षांनी आपले अस्तित्व, आपली घटना आणि आपली निशाणी राखूनच समितीत यायचे होते. अट एकच होती. एका जागेवर समितीचा उमेदवार एकच असेल आणि इतरांनी त्याच्यासाठी झटायचे. ही अट कागदावर सोपी असली, तरी व्यवहारात कठीण होती. वर्षानुवर्षे आपण बांधलेल्या मतदारसंघात दुसऱ्या पक्षाच्या माणसासाठी दारोदार फिरावे लागणे ही कार्यकर्त्याच्या निष्ठेची कसोटीच होती. १९५७ च्या निवडणुकीत ही कसोटी बव्हंशी उतरली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दारुण पराभव झाला. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत प्रजासमाजवादी पक्षाचे ३६ आणि शेतकरी कामगार पक्षाचे ३१ आमदार आले. कम्युनिस्ट व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांना प्रत्येकी १३ जागा मिळाल्या. यांशिवाय अपक्षांचा मोठा गट होता. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने राज्य राखले, तथापि त्या राज्याचा नैतिक पाया डळमळला. तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

येथवरची कथा विजयाची आहे. तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. ज्या मागणीने पक्षांना एकत्र आणले होते ती बहुतांशी पुरी होताच त्यांना बांधणारा दोर सैल झाला. प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला. कम्युनिस्टांविषयीचा जुना अविश्वास पुन्हा डोके वर काढू लागला. १९६२ च्या निवडणुकीत नव्या महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. मुंबईचा प्रश्न सुटला होता, सीमाभागाचा सुटला नव्हता. पण ज्या आघाडीने दोन्ही प्रश्न एकत्र हाती घेतले होते, ती आता मागण्याच्या स्थितीत राहिली नव्हती. चळवळीने पक्षांकडून उसने घेतलेले बळ पक्षांनी परत नेले, असे याचे वर्णन करता येईल. त्याचा तोटा ज्यांना सर्वांत अधिक झाला, ते महाराष्ट्राच्या विधानसभेत मतदार म्हणूनही नव्हते.

सीमाभागातील परिस्थिती मुळातच निराळी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. येथील मराठी मतदाराला आपली मागणी म्हैसूरच्या विधानसभेत न्यायची होती. अखिल भारतीय पक्षांच्या दोन्ही राज्यांत शाखा असल्याने त्या पक्षांना या प्रश्नावर एकच ठाम भूमिका घेणे जड जाई. मुंबईतील शाखा एक बोले, बंगळुरातील दुसरे. म्हणून सीमाभागात पक्षांची आघाडी उभी राहण्याऐवजी महाराष्ट्र एकीकरण समितीने स्वतः उमेदवार पुरस्कृत करावा आणि त्याने अपक्ष म्हणून लढावे, अशी रीत पडली. बाबूराव ठाकूर यांच्यासारखे नेते आणि त्यांचे ‘तरुण भारत’ यांनी या चळवळीला वाणी दिली. बेळगाव शहर, खानापूर, उचगाव अशा मतदारसंघांतून समितीचे आमदार पुढे अनेक वर्षे विधानसभेत जात राहिले. सरकारी निकालपत्रकात त्यांतील कित्येकांच्या नावापुढे ‘अपक्ष’ असेच लिहिलेले आढळते. गावात मात्र त्यांना कोणी अपक्ष म्हणत नसे. तो ‘समितीचा माणूस’ असे.

या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. शेतकरी कामगार पक्षाचा, समाजवादी विचाराचा, हिंदुत्ववादी वा काँग्रेसच्या मुशीतला मराठी माणूस आपली मूळ निष्ठा न सोडता समितीच्या उमेदवाराला मत देऊ शकत होता. मतभेद घरी ठेवून केंद्रावर जाता येत होते. परंतु त्याच व्यवस्थेत एक उणीवही होती. अपक्षाला कायमची निशाणी नसते. निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांतून जे वाट्याला येईल ते घेऊन दर वेळी नव्याने मतदारापुढे जावे लागते. अपक्ष आमदाराला सभागृहात पक्षादेश नसतो, म्हणून त्याला बांधून ठेवणारे लेखी बंधनही नसते. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे निवडून आल्यावर अपक्षाने एखाद्या पक्षात प्रवेश केला तर त्याचे सदस्यत्व जाते. पण ज्या चळवळीने त्याला पाठवले तिच्याशी त्याने प्रामाणिक राहावे, असे कोणताही कायदा सांगत नाही. तो धागा केवळ शब्दाचा आणि लोकलज्जेचा असतो.

निवडून येणे आणि मागणी मान्य होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचाही अनुभव याच काळात आला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याने अहवाल दिला. २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती अमान्य केली. समितीला मिळणारी मते हा लोकेच्छेचा पुरावा आहे, असे समितीचे म्हणणे होते. निवडणूक आमदार निवडण्यासाठी असते, सीमा ठरवण्यासाठी नसते, असे प्रतिपक्षाचे उत्तर होते. पुढे २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

याच सुमारास शेजारच्या गोव्यात या मुद्द्याची एक विलक्षण परीक्षा झाली. तेथे विलीनीकरणाच्या मागणीने तिसरा मार्ग स्वीकारला होता. चळवळच पक्ष बनली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ ची निवडणूक जिंकली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या पक्षाला लोकांनी सत्ता दिली म्हणजे लोकांनी विलीनीकरणालाच मत दिले, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते. पण १६ जानेवारी १९६७ रोजी जनमतकौल झाला, तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच गोमंतकीय मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. याचा अर्थ उघड आहे. पक्षाला मिळालेल्या मतात मागणीखेरीज बरेच काही असते. कुळाचा जमिनीवरील हक्क, बहुजनांचा आत्मसन्मान, शाळा, नेत्यावरील विश्वास अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. मतदार उमेदवाराला होकार देतो तेव्हा तो त्याच्या प्रत्येक मागणीला होकार देतोच असे नाही. आणि उलटपक्षी, मागणी नाकारणारा मतदार त्या नेत्याला नाकारतोच असेही नाही.

या पार्श्वभूमीवर १९९६ च्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या वर्षी असा मार्ग पत्करणारे बेळगाव एकटे नव्हते. आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार होते. फ्लोराइडयुक्त पाण्याने हाडे वाकलेल्या त्या जिल्ह्यातील लोकांचे मागणे शुद्ध पाण्याचे होते. तामिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी १,०३३ उमेदवार उभे राहिले. तेथे मतदान पुढे ढकलावे लागले आणि मतपत्रिका पुस्तिकेसारखी छापावी लागली. यांतील कोणत्याही ठिकाणी चळवळीचा उमेदवार निवडून आला नाही. पण देशभरच्या वृत्तपत्रांत या गावांची नावे झळकली. ज्यांच्या निवेदनांची पोच मिळत नव्हती, त्यांच्या अर्जांची दखल निवडणूक यंत्रणेला घ्यावी लागली.

दखल घेतली गेली ती मात्र निराळ्या रीतीने. १९९६ सालीच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये आणि विधानसभेसाठीची २५० वरून ५,००० रुपये करण्यात आली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा असे. इतरांना दहा सूचक आवश्यक झाले. मतपत्रिकेवरील क्रमातही मान्यताप्राप्त पक्षांची नावे आधी आणि अपक्षांची शेवटी आली. परिणाम तत्काळ दिसला. १९९६ मध्ये देशभरात लोकसभेसाठी १३,९५२ उमेदवार होते. १९९८ मध्ये ती संख्या ४,७५० वर आली. पाणी, शेतमालाचे भाव वा सीमा यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. उत्तर होते ते गर्दीच्या प्रश्नाचे.

कायदेमंडळाची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. १९९६ मध्ये दहा हजारांहून अधिक अपक्ष लोकसभेसाठी उभे होते आणि त्यांतून निवडून आले केवळ ९. मतदाराने शेकडो नावांतून आपला उमेदवार शोधत बसावे, ही स्थिती लोकशाहीला पोषक नव्हती. विधी आयोगाने १९९९ च्या आणि पुन्हा २०१५ च्या अहवालात अपक्ष उमेदवारीच बंद करावी, असे सुचवले. ती सूचना कायद्यात उतरलेली नाही. उतरली असती, तर ज्यांचा प्रश्न कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मावत नाही अशांचे निवडणुकीतील शेवटचे दार बंद झाले असते.

वाढलेल्या अनामत रकमेनेही हे साधन पूर्णपणे संपले नाही. २००९ च्या दुरुस्तीने लोकसभेची अनामत २५,००० रुपये झाली. तरीही २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे हळद आणि ज्वारीच्या भावासाठी पावणेदोनशेहून अधिक शेतकरी उभे राहिले आणि उमेदवारांची एकूण संख्या १८५ झाली. त्याच निवडणुकीत बेळगावात ५७ उमेदवार होते. निजामाबादेत विद्यमान खासदाराचा पराभव झाला, हळद मंडळाचे आश्वासन निवडणुकीचा विषय बनले आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे तेथे उद्घाटन झाले. या यशाचे श्रेय केवळ त्या अर्जांना देता येणार नाही. पण प्रतिस्पर्धी पक्षांनी त्या मागणीसाठी चढाओढ केली, हे महत्त्वाचे आहे. चळवळीचा अपक्ष स्वतः जिंकत नाही तेव्हाही, जिंकू पाहणाऱ्या पक्षाला तिच्या दारात आणण्याइतके बळ त्याच्यात असू शकते. सीमाप्रश्नात हे घडले नाही, कारण येथे चढाओढ करणाऱ्या पक्षांना राज्यातील बहुसंख्य मतदारांचे मत विरुद्ध दिशेला ओढत होते.

सीमाभागातील अलीकडचा इतिहास सुखावह नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघ राहिला नाही आणि त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत समितीला एकही जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा परत आल्या. २०१८ व २०२३ मध्ये पुन्हा शून्य. पुनर्रचना, राष्ट्रीय पक्षांचा विस्तार आणि नव्या पिढीचे निराळे प्रश्न ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्या जोडीला समितीतील गटबाजी आणि त्यातून झालेली दुहेरी उमेदवारी हे कारण समितीच्या हितचिंतकांनीच वारंवार सांगितले आहे. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांहून अधिक मते मिळाली. त्याच वर्षी बेळगाव महानगरपालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि भारतीय जनता पक्षाला ५८ पैकी ३५ जागा मिळाल्या. काही महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. भावना आटली नव्हती. तिला एका नावामागे उभे करणारी शिस्त आटली होती.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. चळवळीच्या अपक्षाचे बळ त्याच्या पक्ष नसण्यात नसते. ते त्याच्यासाठी आपला अर्ज मागे घेणाऱ्यांत असते. १९५७ साली समितीला यश मिळाले ते तिच्या व्यासपीठावरील भाषणांइतकेच, अर्ज न भरलेल्या किंवा भरलेला अर्ज मागे घेतलेल्या असंख्य कार्यकर्त्यांमुळे. त्यांची नावे कोणत्याही निकालपत्रकात नाहीत. निवडून आलेल्यांचे पुतळे झाले, रस्त्यांना नावे मिळाली; माघार घेतलेल्यांची नोंद फार तर एखाद्या जुन्या पत्रकात वा साप्ताहिकाच्या कोपऱ्यात सापडते.

वाचनालयाच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. निकाल शासन जपून ठेवते. परंतु उमेदवार ठरवण्याच्या बैठकांची पत्रके, समझोत्याची निवेदने, रुसव्याफुगव्यांची जाहीर पत्रे, स्थानिक नियतकालिकांतील खुलासे आणि प्रतिखुलासे हे सारे कागद निवडणूक संपताच रद्दीत जातात. चळवळ, पक्ष आणि अपक्ष यांच्यातील खरे नाते त्याच कागदांत लिहिलेले असते. सीमाप्रश्नाचा अंतिम निर्णय न्यायालयात होईल किंवा वाटाघाटींतून होईल. त्या प्रश्नासाठी लोकांनी मतपेटीचा कसा उपयोग केला, कोठे एकजूट राखली आणि कोठे ती मोडली, याचा निर्णय मात्र पुढील पिढीतील अभ्यासकाला करावयाचा आहे. त्याच्या हाती हे कागद पडावेत, एवढी दक्षता ग्रंथालये आणि त्यांचे सभासद निश्चित घेऊ शकतात.